खवलेमांजरांचे मनोगत

एका जंगलात, बाळांनो, प्रत्येक गोष्टीसाठी समिती होती. पाणवठ्यासाठी होती, सावलीसाठी होती. समित्या फार झाल्या आहेत का, हे पाहायलाही एक होती. ती अजून बसलेलीच आहे.

त्यातलीच एक खवलेमांजर कल्याण समिती. खवलेमांजर तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, लांबलचक जीभ, खाणं वाळवी आणि मुंग्या. गलका झाला की ते अंगाचा चेंडू करतं आणि गलका थांबेपर्यंत उलगडत नाही. मांजराशी त्याचं काडीचंही नातं नाही. मग त्याला मांजर कुणी म्हटलं? ज्यांनी त्याला विचारलं नाही, त्यांनी.

समितीचा अध्यक्ष होता दंतोबा हत्ती. सभासदांत माकडं होती, कोल्हे होते, कासव होतं. खवलेमांजर एकही नव्हतं. "त्यांना कशाला त्रास?" असं दंतोबा म्हणायचा. मनाने तो वाईट नव्हता. मनाने चांगले अध्यक्ष फार महागात पडतात, हे मोठे झालात की कळेल तुम्हाला.

दरवर्षी समितीचा मेळावा भरे. माकडं ढोल बडवत. खवलेमांजरांना पुढच्या रांगेत बसवून शाली पांघरवत. ढोल वाजला की सगळ्यांचे चेंडू होत.

"पाहा, बिचारी!" दंतोबा गहिवरून म्हणे. "त्यांना बोलता येत नाही. म्हणून आपण बोलायचं!"

मग 'खवलेमांजरांचे मनोगत' होई. सादरकर्ते, मिठाराम पोपट. दंतोबाने पढवलेलं तो घडाघडा म्हणून दाखवी, "आम्ही फार फार आभारी आहोत!" टाळ्यांचा कडकडाट होई. चेंडू आणखी घट्ट होत.

यंदा मेळाव्यात एक ठराव यायचा होता. सरळीकरण शाळेचा. खवलेमांजरांची पिल्लं आयांपासून दूर नेऊन तिथे ठेवायची. पाठीला काठी बांधून त्यांना सरळ करायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावायचं आणि म्याव म्हणायला शिकवायचं.

"म्याव कशाला?" कासवाने विचारलं.

"शेवटी मांजरच ना ते!" दंतोबा म्हणाला.

पहिली विद्यार्थिनीही ठरली होती. बकुळी. जांभळीखालच्या बिळात राहणाऱ्या सगुणा खवलेमांजराची लेक.

आता या सगुणाला बोलता येत होतं. चांगलं येत होतं. फक्त शांतता लागायची, आणि एखादं वाक्य मनासारखं बसेपर्यंत ती ते पुन्हा पुन्हा म्हणायची. ती तडक दंतोबाकडे गेली.

"माझी लेक शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "तिला गलका सोसत नाही म्हणून ती गुंडाळते. तुम्ही गलका कमी करा. पोर सरळच आहे."

दंतोबाची सोंड वरच राहिली. "तू बोलतेस?"

"बोलते."

"मग तू खरी खवलेमांजर नव्हेस. खऱ्यांना बोलता येत नाही. तुला त्यांचं दुःख काय कळणार, बाई?"

"आणि मी नाही बोलले तर?"

"तर आम्ही आहोत ना!"

इकडे आड, तिकडे विहीर! आणि दोन्हीकडे कठड्याला समितीचा फलक. मला तर हे सांगतानासुद्धा राग येतो.

सगुणाने मेळाव्यातच सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं. रोज संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसून ती भाषण घोकू लागली. तेच शब्द, तीच चाल. शेजारीपाजारी हसायचे, "हिची टकळी पुन्हा सुरू झाली!" बकुळी मध्येच वारुळात तोंड खुपसायची. तिला दटावून सगुणा पहिल्यापासून सुरू करायची.

वर जांभळीवर मिठाराम राहत होता.

मेळाव्याचा दिवस आला. ढोल वाजले. सगुणाने पुष्कळ धीर धरला, पण ढोल ते ढोल. बकुळीला पोटाशी घेऊन तिचाही चेंडू झाला. पाठ केलेलं सगळं भाषण आतच राहिलं. तिला रडू फुटलं. चेंडूच्या आत रडलेलं बाहेर कुणाला दिसत नाही, बाळांनो.

"आता, खवलेमांजरांचे मनोगत!" दंतोबाने पुकारलं.

मिठाराम फांदीवर येऊन बसला. त्याने चोच उघडली.

"मी सगुणा. ढोल थांबवा. बकुळे, वारुळातून तोंड काढ! मी सगुणा. ढोल थांबवा. आमची पिल्लं वाकडी नाहीत. गुंडाळणं म्हणजे आमचं 'पुरे' म्हणणं. बकुळे, शेवटचं सांगते! आम्हाला म्याव नको. आमच्याबद्दल ठरवायचं तर आम्हाला समितीत घ्या. ढोल थांबवा, म्हणजे मी स्वतः बोलेन."

माकडांचे हात थांबले. पोपट बोलला म्हणजे वरूनच हुकूम आला असणार, असं त्यांना वाटलं.

जंगल शांत झालं. मग खवले सळसळले. सगुणा उलगडली. तिच्यामागे एकेक करून सगळेच चेंडू उलगडले.

"हे माझं म्हणणं आहे," सगुणा म्हणाली. ती कुणाच्याही डोळ्यांत न बघता, जमिनीकडे बघत बोलली, पण ऐकू सगळ्यांना आलं. "वारुळाचं सोडून. ते आमचं घरगुती आहे."

दंतोबा गडबडून उठला. "पण तू बोलतेस, म्हणजे तू खरी..."

"बरं," सगुणा म्हणाली आणि पुन्हा चेंडू झाली. आतूनच म्हणाली, "आता झाले ना खरी? माझं काय म्हणणं आहे ते मिठारामला विचारा."

"आम्हाला म्याव नको!" मिठाराम ओरडला.

आधी कासव हसलं. मग सगळी सभा हसली. शेवटी दंतोबालाही हसू आवरेना. शाळेचा ठराव तिथल्या तिथे बारगळला आणि बकुळी आईच्या शेपटीवर बसून घरी गेली.

आता समितीची अध्यक्ष सगुणा आहे. सभासद बहुतेक खवलेमांजरंच. काहींना बोलणं खरोखरच जमत नाही. ती मातीत रेघ ओढून मत देतात, आणि ते मत बोललेल्या मताइतकंच धरलं जातं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेपट्या हलवायच्या. कुणी गुंडाळलं की सभा थांबते.

दंतोबा प्रत्येक सभेला येतो. मागे बसतो. एकदा तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का, सगुणाबाई? ढोलांनी माझेही कान फार दुखायचे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही," दंतोबा म्हणाला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या वतीने बोलायला नेहमी पोपटच नेमावा. शहाण्याला नेमलं, तर तो आपल्या मनचं बोलतो.