पांढऱ्या टॉवेलातला काळा धागा

आमच्या समोर राहणारे गुरुशांतअण्णा सणावारांप्रमाणे चष्मा बदलत. श्रावणाचा एक, दिवाळीचा एक आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेचा एक. तिन्ही दोरी बांधून गळ्यात अडकवलेले. सकाळी पेपर हातात आला की आधी हा, मग तो, असं करत ज्यात अक्षरं नीट दिसतील तो चष्मा चालू महिन्याचा ठरवायचे. एकदा भर चैत्रात दिवाळीचा चष्मा लागू पडला. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नसराई चालू होती ना, म्हणाले.

भवानी पेठेत त्यांचं टॉवेल-नॅपकिनचं दुकान. माणूस सगळ्यांशी गोड, फक्त चष्मेवाल्याशी वैर. तो हलकी काच देतो, ती दोन महिन्यांत ढिली पडते, असं त्यांचं ठाम मत. डोळा ढिला पडत असेल ही शंका त्यांना शिवली नाही.

मला शिवली, कारण मधुमेह माझ्या अंगातला जुना पाहुणा आहे. श्रावणात अण्णा एक वेळ जेवत, दिवाळीत चार वेळा फराळ करत आणि जत्रेच्या दिवसांत वाटी-वाटीनं हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, ओढत. चष्म्याचा नंबर त्याप्रमाणे चढायचा-उतरायचा. रक्त तपासा म्हणून मी माझ्या शाळेतल्या पोरांना रागवावं तशी त्यांना रागवले. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "नोडोण, बघू की." आधी कानडीत, मग मराठीत. एकाच नकाराला दोन भाषा वापरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हुग्गीचं विचारलं तर म्हणायचे, ती गव्हाची असते, गहू काय गोड असतो का?

त्यांच्या पत्नी गौराक्का. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. हिंडतात-फिरतात, भाकरी थापतात, पण तोंडातून शब्द फुटत नाही. अण्णा दोघांच्या वाटचं एकटेच बोलतात, असं पेठेत गमतीनं म्हणत. मीही म्हणत असे.

परवाच्या पावसाळ्यात अण्णांनी पांढऱ्या टॉवेलांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. विणकामात काळा धागा आलाय, ही तक्रार. गल्लीच्या टोकाला व्यंकटेशचा यंत्रमागाचा कारखाना आहे, माल त्याचाच. तो गठ्ठा खांद्यावर मारून तरातरा दुकानात आला. मी नेमकी नॅपकिन घ्यायला गेलेली.

व्यंकटेशनं टॉवेल उलगडला आणि धागा दाखवा म्हणाला. अण्णा नखानं टॉवेल खरवडू लागले. हा बघ, म्हणाले. मग म्हणाले, आता हिकडं सरकला. विणलेला धागा सरकतो कसा, यावरून व्यंकटेश तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मी मात्र हातातली पिशवी खाली ठेवली. डोळ्यांपुढे काळे धागे दिसले तर त्याच दिवशी या, असं माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवलेलं होतं.

"अण्णा, टॉवेल सोडा. त्या भिंतीकडं बघा. तिथं हाय का धागा?"

भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली. अण्णांनी पाहिलं. चष्मा बदलून पाहिलं. मग तिसरा लावून पाहिलं.

"हाय की," ते हळूच म्हणाले.

व्यंकटेशचं भांडण तिथंच संपलं. रिक्षा त्यानंच आणली आणि शटरही त्यानंच ओढलं. त्या गड्याचे मी अजून मनातल्या मनात आभार मानते.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत उजेड मारून पाहिलं. साखर तर नको तितकी चढलेली. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, ओसरतं, म्हणून नंबर बदलत राहतो. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करायचाच नाही. धाग्यांचं दुखणं मात्र वेगळं. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त झिरपलंय. दुखत नाही, म्हणून कळत नाही. लेझर करू, इंजेक्शनं देऊ, पण गेलेली नजर परत मिळत नाही, आहे ती राखायची.

बाहेर बाकावर अण्णा बसले. थेंबांमुळे त्यांना जवळचं काही दिसेना. स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरून ते बोटं हलवून बघत होते. धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, दुकान चालेल हो, व्यंकटेश आहे, मी आहे.

"दुकानाचं काय न्हाय, बाई. तिथं हातानं चाचपून धंदा करीन," अण्णा म्हणाले. "घरी गौरा हातानं बोलती. दिवसभर बोलती, लई बोलती. पेठेत कुणाला ठावं न्हाय. मला दिसायचं थांबलं तर तिचं कोण ऐकणार?"

इतकी वर्षं समोर राहून मला त्या घरातला एकच आवाज ऐकू आला होता. मला फार वाईट वाटलं, आणि वेळेवर आलो म्हणून हायसंही वाटलं.

लेझर झालं, इंजेक्शनं झाली. अण्णांनी हुग्गी सोडली. तो दिवस त्यांनी सुतकासारखा पाळला. हळूहळू साखर ताळ्यावर आली. डाव्या डोळ्याच्या कडेला थोडा अंधार राहिला. बाकी नजर वाचली. त्या डॉक्टरांचं, त्या लेझरच्या यंत्राचं, सगळ्यांचंच मला कौतुक वाटतं. माझीही वर्षाची तपासणी मी आता एक दिवस पुढं ढकलत नाही.

शेवटच्या तपासणीहून परतलो तेव्हा गौराक्का दारातच उभ्या होत्या. माझा दंड धरून त्यांनी मला आत बसवलं आणि हातांनी बोलायला लागल्या. बोटं माझ्याकडे, अण्णांकडे, स्वतःच्या ओठांकडे, पुन्हा माझ्याकडे. बराच वेळ त्या बोलत होत्या. अण्णा पापणी न हलवता ऐकत होते.

"काय म्हणतात अक्का?" मी विचारलं.

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"चा घ्या म्हणती," ते म्हणाले.

चहा घ्या म्हणायला एवढं बोलावं लागत नाही, हे मलाही कळत होतं. मी नको म्हटलं नाही.