दुखवट्याला जाणारा जालिंदर

आमच्या गावात कुणी वारलं की सगळ्यात आधी पोचतो तो जालिंदर, आणि तिथं बसून विनोद करणाराही तोच. टीव्हीवर दर रविवारी हसवाहसवीचा जो कार्यक्रम लागतो, त्यातली प्रहसनं माझा हा शेजारी लिहितो. विट्याजवळच्या आमच्या या गावात बसून लिहितो आणि चित्रीकरणापुरता मुंबईला जातो. "हसायला आलेलं मानूस कशालाबी हसतंय," तो म्हणतो. "रडनारं हसलं, तर इनोद पास."

सुभेदार तात्यांचे थोरले भाऊ आण्णा गेले तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. तात्या फौजेतून निवृत्त झालेले, दुःखातही ताठ. जालिंदर तोंड पाडून म्हणाला, "तात्या, आण्णांनी वर गेल्या गेल्या काय इचारलं असंल?"

"काय रं?"

"पान्याची पाळी कवा हाय?"

कॅनॉलच्या पाण्यावरून आण्णा निम्म्या गावाशी भांडले होते. तात्यांनी टॉवेल तोंडावर घेतला, खांदे गदगदू लागले. बायकांना वाटलं, बांध फुटला. त्यांनी गळा काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं तोच विनोद टीव्हीवर आला आणि तात्या चावडीवर सांगत सुटले, "ह्यो आमच्या आण्णाचा हाय!"

मग या उन्हाळ्यात जालिंदरची आई गेली. घरात मायलेक दोघंच. कार्यक्रमाचा अंतिम भाग तोंडावर आलेला आणि त्यातलं मुख्य प्रहसन कधी नव्हे ते जालिंदरकडं दिलेलं. मुंबईहून फोन आला, "जमत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घेतो." हा आपला गोटा केलेल्या डोक्यानं भिंतीकडं बघत बसलेला. ना रडत होता, ना लिहीत होता. मला त्याची भीती वाटायला लागली.

गाव दुखवट्याला गेलं ते त्याला हसवायचं ठरवूनच. तात्यांनी सुरुवात केली, "एक मानूस शेवटाला हिरीत पडतोय. आता पहिल्यापास्नं ऐक." आमचे शिंपी शब्बीरचाचा सांगण्याआधीच पोटभर हसले आणि मग काय सांगायचं तेच विसरले. मीही एक विनोद सांगितला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

जालिंदर बराच वेळ सोसत होता. तात्या पुन्हा विहिरीकडं निघाले तसा तो ओरडला, "आवं तात्या, शेवट आदी सांगत्यात व्हय?"

"मग? ऐकनाऱ्याला उगं घोर नगं!"

जालिंदर फस्सकन हसला. हसता हसता हमसून हमसून रडला. मग नाक पुसून म्हणाला, "कुनी उठू नका," आणि आमच्या मधेच बसून लिहायला लागला.

दुखवट्याला आलेलं गाव एका विनोदी लेखकाला हसवायला बघतं, तेच ते प्रहसन. ते टीव्हीवर लागलं तेव्हा आम्ही सगळे त्याच्याच घरी जमलो होतो. पडद्यावर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, जालिंदरला सर्वोत्कृष्ट लेखकाची ढाल मिळत होती आणि इकडं शब्बीरचाचा पेढे वाटत होते. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? फक्त टीव्हीचा आवाज इतका मोठा, की कानठळ्या बसत होत्या.

"जरा बारीक कर की रं," मी म्हणालो.

पडद्यावरची नजर न काढता जालिंदर म्हणाला, "असू दे. आईला कमी ऐकू येतंय."

तात्यांनी रिमोट उचलला आणि आवाज आणखी वाढवला.