दगड वेचणारे तात्या

आमचे शेजारी दगडूतात्या रोज सकाळी दुसऱ्यांच्या रानातले दगड वेचतात. स्वतःच्या रानात कुसळं माजलीत, तिकडं ढुंकून बघत नाहीत. पण ओढ्याअलीकडच्या पडीक पट्ट्यात अनवाणी फिरायचं, तळपायाला टोचेल तो खडा उचलून टॉवेलात टाकायचा आणि टॉवेल जड झाला की बांधावर रिकामा करायचा, हा त्यांचा नेम. त्यात नावच दगडू. त्यामुळं गावाला विनोद करायला फार कष्ट पडत नाहीत.

हे सगळं मंजीसाठी. मंजी ही त्यांची कारवानी जातीची शिकारी कुत्री. निमुळतं तोंड, पाठीला लागलेलं पोट आणि पाय इतके लांब की बसताना ते कुठं ठेवावेत याचा तिलाच प्रश्न पडतो. ती त्या पट्ट्यात पळते. तिच्या तळव्याला खडा लागता कामा नये.

"कुत्रं पळत न्हाई लेका, जिमीन पळवती," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य. सपाट पडीवर कारवानीपुढं ससा टिकत नाही. नांगरटीच्या ढेकळांत कुत्र्याचा निम्मा वेग जातो. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथं पाय अडकला की हाड मोडलंच. आणि खडकाळ चढ म्हणजे सशाचं माहेर. "त्याचं मागचं पाय लांब. चढाला तो पायरी चढल्यागत जातो. आन् कुत्र्याची सालटी निघत्यात."

माणसांनाही ते याच मापानं मोजतात. माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला पाथर्डीपलीकडं गेलो होतो. तात्यांनी दारातच वहाणा काढल्या, यजमानांच्या अंगणात गोल फिरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगा झ्याक हाय. पन समदा मुरूम. पोरीच्या टाचा फुटत्याल." चहा येईपर्यंत कुणी कुणाकडं बघितलं नाही.

एके काळी तात्या सशाच्या शिकारीसाठी नावाजलेले होते. वनखात्याचे साहेब घरी येऊन समज देऊन गेले, तेव्हापासून बंद. आता मंजी नुसती पळते, तेही तात्यांनी आधी सगळं रान तुडवून, ससा नाही याची खात्री केल्यावर. एरवी साखळी तात्यांच्या मनगटाला गुंडाळलेली.

मागच्या थंडीत माझे मेहुणे सुभाषराव देवळाली प्रवरेहून आले. जीपमध्ये मागं त्यांचा टायगर. तोही कारवानी, पण उसाच्या पट्ट्यातल्या मऊ रस्त्यांवर वाढलेला, अंगानं तुकतुकीत. मंजीला बघून सुभाषराव म्हणाले, "दाजी, हिला खायला घालतात की नाही?"

तात्या पुढं झाले. वाकून टायगरचा पंजा उचलला, अंगठ्यानं दाबला आणि खाली ठेवला. "पाहुनं, ह्याला ओढ्यापल्याड सोडू नका. तळवं लोण्याचं हायती."

झालं. सुभाषरावांना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रानात गेलो. तात्या पुढं, मंजी साखळीला. ओढ्याच्या कडेला बोरीच्या जाळीतून एकदम ससा उठला. कान मागं टाकून तीरासारखा निघाला. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत सुभाषरावांनी टायगरचा पट्टा मोकळा केला होता. त्याला सुटलेला बघून मंजीनं असा हिसका दिला की तात्या गुडघ्यावर आले आणि साखळी हातातून निसटली.

पडीवर टायगर खरंच पुढं होता. सुभाषराव शिट्ट्या घालत होते. मग ओढा आला. ससा गोट्यांवरून टणाटण उड्या मारत बाभळीत शिरला. टायगर त्याच वेगात दगडांत उतरला, धडपडला, केकाटला आणि एक पाय वर धरून तिथंच उभा राहिला. मंजी मात्र वेग कमी करून, पाय बघत, दगडामागून दगड पार करून गेली.

"आता बघा," मी नकळत म्हणालो.

तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "खान," ते म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओढ्यापलीकडं टेकडी आहे. तिच्या माथ्याच्या पल्याड खडीची जुनी खाण. माथा ओलांडला की थोड्याच अंतरावर जमीन संपते आणि खाली नुसता कातळ. ससा कडेवरून वळेल. मागून भरधाव येणारं कुत्रं सुट्या मुरमावर थांबणार कसं?

"बाभळीत ससा तिला खेळवील. तेवढाच येळ हाय," म्हणत तात्या पळाले. मंजीच्या मागं नाही, आडव्या बैलगाडीवाटेनं, थेट खाणीकडं. सत्तरीचा माणूस, धोतर वर खोचलेलं, पाय अनवाणी. मी मागून धावत होतो आणि अंतर वाढतच होतं. खालून बाभळीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. म्हणजे ती दोघं चढाला लागली होती.

मी वर पोचलो तेव्हा तात्या खाणीच्या काठाशी, दरीकडं पाठ करून, दोन्ही हात फाकून उभे होते. वाट अडवायला दुसरं काही नव्हतंच.

माथ्यावर ससा दिसला. माणूस बघून जागच्या जागी वळला आणि डावीकडच्या कपारीत घुसला. पाठोपाठ मंजी. तिनं पाय रोवले. मुरूम सुटला. ती तशीच घसरत आली आणि तात्यांच्या नडग्यांवर आदळली. तात्या खाली बसले ते एक पाय बाहेर लोंबकळतच. मी त्यांची बंडी दोन्ही हातांनी पकडली आणि मागं ओढली. काही खडे खाली गेले. तळाला आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

आम्ही तिघं एकमेकांवर पडून राहिलो. मंजीचे तळवे सोलले होते. तात्या तिच्या बरगड्या चाचपत होते, मी तात्यांच्या.

इतक्यात सुभाषराव धापा टाकत आले. "ससा कुठंय?"

मंजीनं कपारीकडं तोंड केलं. सुभाषरावांनी काठी शोधली. "आत काठी घाला, बाहेर येईल."

तात्या उठले, लंगडत गेले आणि कपारीच्या तोंडाला पाठ लावून बसले. "त्यो त्याच्या घरी गेलाय. आता बोलवायचं न्हाई."

"उठा हो तात्या."

"उठवून दावा."

सुभाषराव माझ्याकडं बघायला लागले. मी खाणीकडं बघत राहिलो.

खाली आल्यावर तात्यांनी आधी टायगरचा पंजा धुतला, टॉवेल फाडून पट्टी बांधली. मंजी गुरगुरली. "पाव्हना हाय," तिला म्हणाले, "गप ऱ्हा." सुभाषराव दुपारचं जेवण न घेताच निघाले. जाताना मात्र तात्यांना वाकून नमस्कार केला, तो कशासाठी हे त्यांनी सांगितलं नाही.

उन्हं कलल्यावर मी हळद-तेल घेऊन तात्यांकडं गेलो. तात्यांची बायको, आमची काकी, गेल्यापासून त्या घरात आवाज असा नसतोच. मुलगा पुण्याला, फोन करतो, पण घाईत असतो. आज मात्र आतून कुणाशी तरी गप्पा चालल्या होत्या. दारातच थांबलो.

तात्या भाकरी दुधात कुस्करत होते. समोर पोत्यावर मंजी, चारी पंजांना चिंध्या. "...मंग तू ओढ्यात उतरलीस. टायग्या पडला, बघितलंस नव्हं? आन् मंग काय केलंस?" एवढं बोलून ते थांबले. खरोखर उत्तराची वाट बघत थांबले. मंजीनं शेपूट हलवली. "व्हय, थेट वर गेलीस."

मी खाकरलो. तात्या चपापले. परातीत बघत म्हणाले, "काकी हुती तवर तिला सांगायचो. कुठं गेल्तो, काय झालं. आता दिस सरला तरी त्यो पोटातच ऱ्हातो." मग परात मंजीपुढं सरकवून, "तुला येळ हाय का?"

मी तेलाची वाटी ठेवली आणि पोत्याच्या कडेला बसलो. तात्यांनी पार पहाटेपासून सुरुवात केली. वारा कुठून होता, दव किती होतं, मंजीनं आधी कुठला कान टवकारला. अर्धं रान सांगून झालं तेव्हा ते माझ्याकडं बघून थांबले.

सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी विचारलं, "मग? ससा कुठं गेला?"