तळमजल्याचा ठराव आणि आत्यांचा चहा

रविवारी सकाळी अकराला इमारतीची सभा होती आणि विषय एकच होता: तळमजल्यावरचा दातांचा दवाखाना बंद करायचा की नाही. दवाखाना ज्यांचा, त्या डॉक्टरांनी सभा मुद्दाम आपल्याच घरात, दवाखान्यामागच्या खोलीत बोलावली होती. कारण घरात आत्या होत्या, आणि आत्यांच्या मसाल्याच्या चहावर इमारतीतली अकरा घरं जीव टाकत. बारावं घर हरकतकाकांचं.

हरकतकाका म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. बरोबर त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी खालचं यंत्र किरकिरायला लागतं, अशी त्यांची तक्रार होती. खरं सांगायचं तर ती खोटी नव्हती. पण डॉक्टरांचीही एक अडचण होती. दातांची ती अवजड खुर्ची आत आणताना खिडकीची चौकट उखडावी लागली होती. ती आता काढायची कशी आणि न्यायची कुठे, हे त्यांना दोन दिवस सुचत नव्हतं.

"आत्या, आज चहात काही कमी पडू देऊ नकोस गं," ते म्हणाले.

"आजवर पडलंय कधी?" आत्यांनी खलबत्ता पुढे ओढला.

सुंठ, वेलदोडे, मिरी, जायफळ असं सगळं कुटून झालं आणि लवंगांची बरणी रिकामी निघाली. लवंगेशिवाय मसाला करणं आत्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेवढ्यात त्यांना दवाखान्यातली तपकिरी बाटली आठवली. बाटलीवर स्वच्छ अक्षरात 'लवंग तेल' लिहिलेलं होतं. पाहुणे बरेच होते, म्हणून आत्यांनी हात आखडता घेतला नाही.

चहा सगळ्यांना भलताच आवडला. डॉक्टरांची बाजू मांडायला खास तयार केलेले तिसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट तर तीन कप प्यायले. सेक्रेटरीबाईंचा कप मागच्या सभेचा वृत्तांत वाचता वाचता गार होऊन गेला. हरकतकाकांनी कपाला हातही लावला नाही.

"मतदानाच्या आधी मी कोणाचं काही घेत नाही," ते म्हणाले.

मग विमा एजंट उठले. हा माणूस एकदा सुरू झाला की समोरचा सही करूनच सुटत असे. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि "डॉट्टल हे आपल्या थगळ्यांचे..." एवढं बोलून ते आपल्या जिभेकडे बघण्याचा प्रयत्न करू लागले. त्यांच्या शेजारचे गृहस्थ हसायला गेले, तर त्यांचा खालचा ओठ जागचा हलेना. डॉक्टरांनी स्वतःची जीभ टाळ्याला लावून पाहिली. ती लागली की नाही, हे त्यांना कळलं नाही. बाकी सगळं मात्र त्यांना तत्काळ कळलं.

ते स्वयंपाकघरात धावले. आत्यांना त्यांनी बाटली दाखवली, तोंड दाखवलं, हातवारे केले.

"साखर कमी झाली का?" आत्यांनी विचारलं.

बाहेर हरकतकाका घाई करत होते. "बोलायला कोणी तयार नसेल, तर घ्या मतदान!"

मतदानाची इमारतीत एक पद्धत होती. पूर्वी हात वर करून मतं घेत. एकदा दोघांनी डोकं खाजवलं आणि अख्खा जिना जांभळा रंगवला गेला. तेव्हापासून मत तोंडाने आणि स्पष्ट शब्दांत द्यायचं, असा नियम झाला होता. मतं मोजणाऱ्या सेक्रेटरीबाईंना स्वतःला मत नसे. त्यांनी एकेक नाव पुकारलं. लोक जीव तोडून माना हलवत होते.

"मान हलवलेली धरता येत नाही," बाई म्हणाल्या आणि प्रत्येकापुढे 'मत नाही' असं लिहीत गेल्या.

"बंद करा!" हरकतकाका शाळेतल्या आवाजात गरजले. ठरावाच्या बाजूने एक मत पडलं.

डॉक्टर भिंतीला टेकले. एवढे शेजारी आपल्या बाजूचे, आणि आपल्याच चहाने आपण त्यांना गप्प केलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"तळमजला," बाईंनी शेवटचं नाव पुकारलं. जागा आत्यांच्या नावावर होती.

आत्या पदराला हात पुसत दारात आल्या. "माझं म्हणणं, राहू दे दवाखाना."

एकास एक. बरोबरी झाली की ठराव पडतो. विमा एजंटांनी डॉक्टरांना मिठी मारली आणि त्यांच्या कानात काहीतरी म्हटलं. ते कोणालाच समजलं नाही.

डॉक्टरांची जीभ पाऊण तासाने ताळ्यावर आली. "अगं आत्या, निदान घोटभर चाखून तरी बघायचंस!"

"मी? मी चहा पीत नाही. मला वाससुद्धा सोसत नाही."

वीस वर्षं त्यांचा चहा पिणारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आत्या कपबशा गोळा करत होत्या.

"आणि हे बघ," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "उद्यापासून दोन ते चार यंत्र बंद. दुपारी माझाही डोळा लागत नाही."

यावर मतदान झालं नाही.