प्राचार्यांना दहापैकी दोन

महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या मॅडमना आपल्या तपासनिसाचा भारी अभिमान. तपासनीस म्हणजे त्यांनीच लिहिलेला प्रोग्राम. मुलांनी आठवड्याची चाचणी ईमेलने पाठवली, की हा पठ्ठ्या ती तपासून गुण आणि शेरा लगेच परत धाडायचा. शेरे मात्र मॅडमचे, मुलं कुठे अडखळतात ते बघून बघून लिहिलेले. मुलं चुका सुधारून पुन्हा पाठवत आणि पास होत.

प्राचार्यांना हे सगळे थेर वाटत. "शेवटी एक परीक्षा घ्या आणि मोकळे व्हा!" तसं परिपत्रकच त्यांनी काढलं. साप्ताहिक चाचण्या बंद, शुक्रवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब.

कारकुनाने ते झाडून सगळ्या पत्त्यांवर पाठवलं. त्यात तपासनिसाचाही पत्ता होता. त्याने इमानेइतबारे उत्तर दिलं, तेही सगळ्यांना. "दहापैकी दोन. एकच गोष्ट चारदा लिहिली आहे. कारण कुठेच दिलेलं नाही. खचू नका, सुधारून पुन्हा पाठवा."

मॅडमच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या धावत प्राचार्यांकडे गेल्या. "सर, माफ करा, आत्ता बंद करते त्याला!"

"खबरदार!" प्राचार्य गरजले. "उभ्या जन्मात मला कुणी दोन गुण दिले नाहीत. सगळ्यांदेखत कापलेत ना? मग सगळ्यांदेखतच वाढतील!"

त्यांनी परिपत्रक सुधारून पाठवलं. चार. पाल्हाळ छाटलं. सहा. स्टाफरूममध्ये चहा थंड होऊ लागला. जो तो ईमेल उघडून बसलेला. सहावर मात्र गाडं अडलं. शेरा हलेना, "कारण दिलेलं नाही."

गुरुवारी प्राचार्य स्वतः मॅडमच्या टेबलापाशी आले. "कारण म्हणजे नक्की काय हवंय हो याला?"

"प्रत्येक सूचनेशेजारी ती कशासाठी, ते लिहायचं, सर. मुलांना तशी सवयच लावलीये."

"म्हणजे चाचण्या बंद कशासाठी, ते?"

"हो, सर."

प्राचार्यांनी हातातल्या परिपत्रकावर 'कारण' एवढंच लिहिलं. मग ते घेऊन निघून गेले.

शुक्रवारी त्यांनी बैठकीत नवं परिपत्रक खणखणीत आवाजात वाचलं. "साप्ताहिक चाचण्या चालू राहतील. कारण, चूक वेळेवर कळली की माणूस ती सुधारतो." मग छाती पुढे काढून म्हणाले, "दहापैकी नऊ!"

टाळ्या पडल्या. मॅडमचे डोळे भरून आले. इतका अभिमान त्यांना पहिल्या आलेल्या मुलांचाही कधी वाटला नव्हता.

प्राचार्य त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तो एक गुण कुठे गेला, सांगू नका हं. माझा मी शोधतो."