कुमुदअक्कांच्या फोटोस जिवंतपणी हार पडला, त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्याचे चरणी मस्तक ठेवोन, कुलस्वामिनीस हळदकुंकू वाहोन, आणि ज्यांचे मोबाईलाचे चार्जिंग कार्य सिद्धीस जाईतों टिकते त्या भाग्यवंतांस दंडवत घालोन हकीकत लिहितो ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एके राज्यी, ज्याचे नाव पुसो नये, कारण नाव घेतल्यास निम्मे सरदार लिहिणाराचे दारी जाब विचारावयास उभे राहतील, श्रीमंत मुरलीधरराव सुखेनैव राज्य करीत होते. राज्य तीन खोल्यांचे आणि एका गॅलरीचे. श्रीमंत सरकारी चाकरीतून मोकळे होऊन सोफ्यावर विराजमान जाहले होते, टीव्हीचा रिमोट त्यांचे हाती होता, आणि बाकीचा कारभार पट्टराणी नलिनीबाईसाहेब पाहत होत्या, म्हणजे राज्य खरे त्यांचेच होते. ह्या उभयतांचे लग्नास पन्नास वर्षे भरणार म्हणोन हॉल घेतला, आचारी ठरविला, बासुंदीचा बेत कायम केला, आणि मग श्रीमंतांनी मनी धरिले की पन्नास वर्षांचा व्हिडिओ आपले हातें एडिट करावा आणि समस्त गोतास पडद्यावर दाखवावा.

परंतु श्रीमंतांचे मनी एक शल्य होते. त्यांची वडील बहीण कुमुदअक्का. आईसाहेब लवकर निवर्तल्या, मग अक्कांनीच ह्यांस न्हाऊमाखू घातले, पाढे घोकविले, प्रसंगी धोपटले, आणि नलिनीबाईंचे स्थळही अक्कांनीच आणिले. ऐशी बहीण नऊ वर्षे घरी आली नव्हती. कारण काय, तर चिरंजीवांचे लग्नात शूटिंगवाला बाहेरचा आणिला होता आणि त्याने व्हिडिओत ठायी ठायी टायटल घातली होती. टायटल म्हणजे पडद्यावर अक्षरांची पाटी येते आणि हा कोण, ती कोण, हे सांगते. तो अक्का पैठणी नेसोन, नथ घालोन, वराचे मागे मानाने उभ्या, आणि त्यांचे पायाशी पाटी आली, 'वधूकडील पाहुणे मंडळी'. वराची सख्खी आत्या, आणि वधूकडील पाहुणी! अक्कांनी विचारिले, हे काय? तेव्हा श्रीमंत हसले आणि बोलिले की एवढ्याशा पाटीचे काय घेऊन बसलीस. पाटी एक वेळ सोसली असती, पण ते हसणे अक्कांस फार लागले, आणि त्यांनी पिशवी उचलिली, मोबाईलावरील घरच्या ग्रुपातून नाव काढिले, आणि जाणेयेणे बंद केले. श्रीमंतांस चूक कळत होती. फोन हाती घेत, नंबरही काढीत, आणि पुन्हा ठेवीत. आता हा समारंभ आला, आणि अक्का नसतील तर कशाचे पन्नास आणि कशाची बासुंदी, ऐसे त्यांस वाटो लागले, आणि घास गोड लागेना.

मग श्रीमंतांनी मसलत केली की पाटीने जे बिघडले ते पाटीनेच दुरुस्त करावे. व्हिडिओत अक्कांचा स्वतंत्र तुकडा करावा, त्यात ऐसा मान द्यावा की कोणा राजमातेस मिळाला नसेल, तो ग्रुपावर टाकावा, कोणीतरी तो अक्कांस दाखवील, त्यांचा राग उतरेल आणि त्या येतील. परंतु हलत्या अक्का व्हिडिओत एकाच ठिकाणी होत्या, त्या वैरी पाटीसकट. म्हणोन फोटो लावावयाचे ठरिले. फोटो जुना, रंग उडोन नारिंगी पडला होता, तो कृष्णधवल केला. मग ॲपात चौकटी धुंडिल्या, तो फुगे, बदाम आणि टोपी घातलेले मांजर, हे वडील बहिणीस शोभेना, म्हणोन झेंडूची माळ पसंत केली, ती फोटोचे दोहीं अंगांनी खाली लोंबत होती. मग खाली समई लाविली, तिची ज्योत खरोखर हलत होती, ते पाहोन श्रीमंत फार खूष. संगीत बासरीचे घातले, संथ. फोटो नुसता उभा राहतो म्हणोन तो हळूहळू पुढे येईल ऐसी तजवीज केली. आणि मग जे तोंडाने सांगवले नाही ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांनी लिहिले, एकामागोमाग एक पाट्या. राणीसाहेबांनी पाहिले आणि बोलिल्या की अहो, हे काहीतरी भलतंच दिसतंय. श्रीमंत बोलिले की तुला एडिटिंगमधलं काय कळतंय, मान बघ, मान. ऐसे नवरे ह्या भूमंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांस औषध नाही. एकेक गोष्ट वेगळी घेतली तर वावगे काहीच नव्हते. सगळ्या एकत्र जाहल्या, आणि अक्का कैलासवासी जाहल्या.

सबंध व्हिडिओ जड, ग्रुपावर चढेना, म्हणोन अक्कांचा तुकडाच आधी धाडिला. थोडक्याच वेळात जोडलेले हात आले. श्रीमंत बोलिले, पाहा, पसंत पडले. मग आणखी हात आले, हातांची रांग लागली, आणि श्रीमंत प्रत्येकास धन्यवाद, आभारी आहे, आपलेच आशीर्वाद, ऐसे लिहीत चालिले. एका चुलत पुतण्याने लिहिले की फार लवकर झाले, त्यास उत्तर दिले की हो, आता हात बसला आहे. आणखी एकीने लिहिले की विश्वासच बसत नाही, तीस कळविले की मी एकट्याने केले, कोणाची मदत नाही. आणि मग मामेबहिणीचा निरोप आला की दहावा कोठे करणार, नदीवर की घरीच? तेव्हा श्रीमंतांचे हातचा चहा बशीत न पडता लेंग्यावर पडला. त्यांनी आपलाच व्हिडिओ पुन्हा लाविला, आणि ह्या खेपेस बहिणीचा मान न पाहता नुसता फोटो पाहिला, आणि हात कशास जोडले होते ते उमगले. अक्का आता काय म्हणतील ह्यापलीकडे त्यांस काही सुचेना. शेवटल्या पाट्या तर कोणी वाचिल्याच नव्हत्या, माळ दिसताच सर्वांनी हात जोडोन व्हिडिओ बंद केला होता.

इकडे चुलतबंधू सदूभाऊ, जे दुःखवट्याचे मोहिमेत सदैव आघाडीस असतात आणि ज्यांचा पांढरा सदरा बारा महिने इस्त्री करोन तयार असतो, त्यांनी अक्कांचे घरी फोन लाविला. वाटले, मुलगा घेईल. फोन अक्कांनी घेतला. सदूभाऊ आवाज खोल काढोन बोलिले की ऐकून फार वाईट वाटले, अक्का गेल्या.

अक्का बोलिल्या, "कुठं गेली? इथंच आहे. मेथी निवडतेय."

सदूभाऊंची बोबडी वळली. मग ततपप करीत त्यांनी व्हिडिओ, माळ, समई, बासरी, सारे सांगितले, आणि वर हेही सांगितले की संगीत मात्र छान आहे. अक्कांनी मेथी तशीच परातीत ठेविली, चप्पल घातली, रिक्षा बोलाविली आणि कूच केले. त्यासमयी श्रीमंतांचे घरी पाच-सात सरदार पांढरे कपडे करोन आधीच येऊन बसले होते, एकाने हारही आणिला होता, आणि श्रीमंत त्यांस समजावीत होते की ती आहे हो, आहे, तरी ते पाठीवर हात फिरवीत होते की धक्क्यात माणूस ऐसे बोलतो. इतक्यात दारी अक्का उभ्या राहिल्या. सरदार जागचे उठले, एकाने तर देवाचे नाव घेतले. अक्कांनी त्याचे हातचा हार काढोन घेतला, राणीसाहेबांकडे दिला आणि देवाला घाल म्हणोन सांगितले, आणि मग सोफ्यावर बसोन भावास एकच शब्द बोलिल्या, "लाव."

श्रीमंतांनी व्हिडिओ टीव्हीवर लाविला. फोटो आला, माळ आली, बासरी वाजली, अक्का कपाळास आठ्या घालोन पाहत राहिल्या. मग पाट्या सुरू जाहल्या. 'आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.' 'शाळेत मी रडायचो, म्हणून अक्का दिवसभर वर्गाबाहेर बसून राहायची.' 'त्यात तिची स्वतःची शाळा बुडाली. ती पुन्हा कधी गेली नाही.' आणि शेवटली, 'अक्का, मी हसायला नको होतं.' पडदा काळा जाहला. शाळेची गोष्ट अक्कांनी आपणहून कधी कोणापाशी काढिली नव्हती, आणि भाऊ इतका लहान होता की त्यास आठवत असेल ऐसे त्यांस स्वप्नीही वाटले नव्हते. आठ्या मोडल्या, पण राग काही एकदम उतरणारा नव्हता.

अक्का बोलिल्या, "हे नऊ वर्षांत एकदा फोनवर सांगता आलं नाही होय रे?"

श्रीमंत मान खाली घालोन बोलिले, "भीती वाटायची. तू फोन घेतलाच नाहीस तर?"

"मुरल्या, आज मी माझ्याच मयताचा फोन घेतला. तुझा घेतला नसता?"

ह्यावर श्रीमंतांस रडू कोसळले, भर दरबारी, लहान मुलासारखे, आणि अक्काही रडल्या, आणि त्यांस पाहोन पांढरे सरदारही रडले, म्हणजे त्यांचे कपडे अगदीच वाया गेले नाहीत. मग राणीसाहेबांनी सर्वांस पोहे दिले, आणि सदूभाऊ मागाहून पोहोचले तरी त्यांसही मिळाले.

मग ठरिले की तो तुकडा काढावा आणि अक्का हलत्या घ्याव्या. सूनबाईंनी मोबाईल धरिला, भाऊ-बहीण सोफ्यावर जोडीने बसले. परंतु त्या पिढीची रीत ऐसी की कॅमेरा पुढे आला की श्वास कोंडावा, हात मांडीवर ठेवावे आणि पापणी हलवू नये. सूनबाई म्हणत होत्या की हला की जरा, आणि ती दोघे अधिकच ताठ होत होती. श्रीमंतांनी पुसिले की अक्का, ह्याचे खाली पाटी काय घालू, आत्या घालू, वडील बहीण घालू, की मातोश्रीसमान घालू? अक्का कॅमेऱ्यावरची नजर न काढता बोलिल्या की काही घालू नकोस, मला ओळखतात सगळे. श्रीमंतांनी तैसेच ठेविले, पाटी नाही, चौकट नाही, बासरी तर नाहीच.

समारंभाचे दिवशी हॉल भरला, पडदा लाविला, पन्नास वर्षे सुरळीत सरकली, आणि शेवटी ती दोघे आली, सोफ्यावर, निश्चळ. सर्वांस वाटले हा पुन्हा फोटोच. सदूभाऊंचे हात सवयीने छातीपर्यंत आले. तोच पडद्यावर अक्कांचा हात उठिला, त्यांनी भावाची दुमडलेली कॉलर सरळ केली, पदराने त्याचा गाल पुसला, आणि पुन्हा हात मांडीवर ठेवोन समोर पाहो लागल्या. पंचाहत्तरीचा राजा पडद्यावर लाजला. लोक इतके हसले आणि इतक्या टाळ्या पडल्या की आचारी झारा घेऊनच बाहेर आला, आणि पहिल्या रांगेत अक्का शेजारणीस सांगत होत्या की लहानपणापासून असाच गबाळा आहे.

येणेप्रमाणे अक्कांचे मरण एका दुपारीत आटोपले आणि नऊ वर्षांचा अबोला त्याचेबरोबर गेला. माळेची चौकट ॲपातून वेगळी काढिता येईना म्हणोन राणीसाहेबांनी ॲपच काढोन टाकिले. दहाव्याची चौकशी करणाऱ्या मामेबहिणीवर अक्कांचा राग अजून आहे, तो राहील. रोज सकाळी अक्कांचा फोन वाजतो, आणि श्रीमंत तो पहिल्याच रिंगला घेतात.