मागणीचं एक वाक्य

रविवारी सकाळी गोजराबाईंच्या उलव्याच्या घरात समुपदेशकांची तालीम भरली आणि आमदाराचं काम करायला कुणी माणूसच मिळेना.

गोजराबाईंची सून सुचिता वाशीच्या एका शाळेत समुपदेशक होती. दुखावलेल्या मनांचं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. तिच्याच कामातली माणसं त्या दिवशी हॉलमध्ये जमली होती. सगळी शिकलेली आणि सगळी हळू बोलणारी. त्यांना आमदारांना भेटून एकच मागणी करायची होती, की उलव्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशकाचं पद मंजूर करा. आमदारापुढे कसं बोलायचं ते शिकवायला नंदिनी मॅडम आल्या होत्या. त्या या सगळ्यांच्या पुढारी.

"त्यात काय? मीच होते आमदार," म्हणत गोजराबाई नवऱ्याच्या जुन्या आरामखुर्चीत बसल्या आणि पाय वर घेतले. "बोला लवकर. मला उद्घाटनाला जायचं हाय."

नंदिनी मॅडम पुढे झाल्या. "नमस्कार साहेब. आज आम्ही आलोय, तर तुम्हाला कसं वाटतंय?"

"मला कसं वाटायचंय? तुमाला काय पायजे?"

"म्हणजे आम्ही लवकर बोलावं असं तुम्हाला वाटतंय."

"वाटत नाय. मी सांगतेय."

सानपाड्याचा वरद नुसताच "हं" म्हणाला आणि मान डोलवत राहिला. त्यांच्या धंद्यात गप्प बसण्याला फार मान आहे म्हणे.

गोजराबाईंनी पाय खाली सोडले. "अगं बायांनो, भाजीवाल्याकडं जाऊन कोथिंबिरीला कसं वाटतंय ते विचारता का? जुडी मागता ना? मग पद मागा! एकच वाक्य बोला, 'साहेब, आमच्या दवाखान्यात समुपदेशकाचं पद मंजूर करा.' बोला!"

सगळ्यांनी म्हटलं. गोजराबाईंनी ते जेवणापर्यंत पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. वरदच्या तोंडून ते शेवटपर्यंत आजाऱ्याची विचारपूस केल्यासारखंच निघत होतं.

गोजराबाईंना एवढा कळवळा येण्याचं कारण भिंतीपलीकडे होतं. चुलत जाऊ मालतीबाई शेजारीच राहायची. तिचा मुलगा रणजीत नोकरी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपून असायचा. ठाण्याच्या दवाखान्यात न्यायला निघालं, की बसस्टॉपवरूनच परत फिरायचा. चार पावलांवरच्या दवाखान्यात मात्र तो आला असता. सुचिताला त्याच्यावर उपचार करता येत नव्हते, कारण भावकीतला माणूस घ्यायचा नाही असा त्यांच्यात नियम. मालतीबाई रडायला लागली, तेव्हा गोजराबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेल्या होत्या, "पद मी आनते! आमदार जोतीराम माझ्या माहेरचा, मोरा गावचा हाय. माझ्या अंगनात नागडा फिरायचा!"

त्यामुळे भेटीला त्यांना नेणं भागच होतं. निघताना सुचितानं बजावलं, "आई, ओळख तुमची, पण बोलायचं आमी. तुमी तोंड उघडलंत की भांडण होतं."

"शिवून घेते तोंड," गोजराबाई म्हणाल्या.

आमदारांच्या कार्यालयात लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होती. स्वीय सहायक रूपेशनं मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं, "पाच मिन्टं. साहेबांना पुढं कार्यक्रम हाय." आतल्या खोलीत सगळे रांगेत बसले. नंदिनी मॅडमचे ओठ हलत होते. वाक्याची उजळणी चालली होती.

आमदार आले. त्यांना गोजराबाई दिसल्या.

"गोजरा आत्या!" असं म्हणून ते थेट पायांवर वाकले.

आता माहेरचं पोर पाया पडल्यावर दोन शब्द न बोलता बसायचं, असं कुठल्या बाईला जमेल? गोजराबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, गालावरून फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "बारीक झालास रे, जोतीराम."

आमदार तिथेच थबकले. वर आले ते खुर्ची धरून.

"आत्या," ते म्हणाले, "आई गेल्यापासून मला असं कोनी बोललंच नाय गं."

झालं! पाणी दिसल्यावर म्हशी वळाव्यात, तसे सगळे समुपदेशक एकदम पुढे झुकले.

"आई गेल्यापासून..." नंदिनी मॅडम हळूच म्हणाल्या.

"हं," वरद म्हणाला.

आणि आमदार बोलायला लागले. काय बोलले ते त्या खोलीतल्या कुणीही आजवर बाहेर सांगितलेलं नाही. तोही त्यांचा नियमच. मात्र त्यांचं उपरणं ओलं झालं, हे बाहेर बसलेल्यांनीही नंतर पाहिलं. रूपेशनं दारातून डोकं आत घातलं, तर वरदनं स्वतः उठून दार लावून घेतलं. ज्याचा आवाज एरवी शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही, तो म्हणाला, "प्लीज, मधे येऊ नका."

गोजराबाई खोकल्या. मग सुनेला चिमटा काढला. सुचिता स्वतःच डोळे पुसत होती. शेवटी त्या उठल्याच. "जोतीराम, आपल्या दवाखान्यात ते पद..."

नंदिनी मॅडमनी हात वर केला. "आत्ता नको, आजी. ते आत्ता कुठे मोकळे होतायत."

गोजराबाई कुणाच्या हातानं थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्यांनी जोतीरामाकडे पाहिलं, तर तोंड अगदी त्याच्या आईचं. रडताना हनुवटी थरथरायची तिची, तश्शी थरथरत होती. वाक्य जिभेवर तयार होतं. त्या ते गिळून खाली बसल्या. पुढे त्या घटकेबद्दल त्यांनी स्वतःला किती शिव्या दिल्या, त्याची गणती नाही.

बाहेर लोकांनी दार वाजवायला सुरुवात केली. आमदारांनी उपरण्यानं तोंड पुसलं, उभे राहिले आणि पुन्हा आमदार झाले. "बरं, तुमचं काय काम होतं?"

विचारलं हो त्यांनी! स्वतःच्या तोंडानं विचारलं. आणि नंदिनी मॅडम सवयीनं बोलून गेल्या, "आजचा वेळ तुमचा होता, साहेब. बाकीचं पुढच्या वेळी बघू."

जिना उतरताना सगळ्यांचे चेहरे देवदर्शन करून आल्यासारखे होते. "किती छान मोकळे झाले ना!" वरद म्हणाला.

"आनी मागनी?" गोजराबाईंनी विचारलं.

सगळे जागच्या जागी थांबले.

'पुढची वेळ' आमदारांनी मात्र लक्षात ठेवली. त्यांचा फोन आला. दर गुरुवारी नंदिनी मॅडमशी बोलायला येईन म्हणाले, पण मॅडमच्या दवाखान्यात नको, लोक बघतात. आत्याच्या घरी आलो तर कोण काय म्हणणार? गोजराबाईंच्या माडीवरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या गेल्या.

"आता घरातच येतोय," गोजराबाई म्हणाल्या. "आता मागा."

"आता तर अजिबात नाही, आजी," नंदिनी मॅडम म्हणाल्या. "ते आता आमचे क्लायंट आहेत. आमच्यातलं कुणीच त्यांच्याकडे काही मागू शकत नाही."

"मग मी मागते."

"आई," सुचिता म्हणाली, "तो माणूस विश्वासानं रडायला येतो. त्याच्या रडण्याचा आपन भाव केला असं वाटंल त्याला. आनी तो इथं कशाला येतो ते कुनाला सांगायचं नाय. मालतीकाकूला पन नाय."

माहेरच्या माणसाच्या रडण्याचा भाव करायचा म्हटल्यावर गोजराबाईंचीही जीभ वळली नाही.

अधिवेशनात कुठल्या दवाखान्यांना समुपदेशक द्यायचे, याची चर्चा निघाली. गोजराबाईंच्या हॉलमध्ये मोबाईलसमोर सगळे जमले. मालतीबाईही आली, चांगली साडी नेसून. आमदार जोतीराम बोलायला उभे राहिले. यादीत उलव्याचंही नाव होतं, त्यांनी नुसती पाठराखण केली तरी काम होणार होतं.

"माझ्या उलव्यात ही सोय उत्तम आहे," आमदार छाती भरून म्हणाले. "मी स्वतः जवळून बघितलेली आहे. अशी माणसं महाराष्ट्रात मिळायची नाहीत. तेव्हा हे पद जिथं सोय नाही, त्या तालुक्याला द्यावं. आमचा आग्रह नाही."

बाकं वाजली. पद दुसऱ्या तालुक्याला गेलं.

मालतीबाईनं पदर सावरला आणि गोजराबाईंकडे वळली. "गोजराबाय, उलव्यात कुठं हाय गो ही सोय?"

गोजराबाईंनी वर माडीच्या दिशेनं पाहिलं आणि मान खाली घातली. मालतीबाई उठून गेली. तिनं चहासुद्धा घेतला नाही.

गुरुवारी आमदार आले. गाल भरले होते, चाल हलकी झाली होती.

"आत्या, ऐकलंस ना भाषन? कसं नाव काढलं तुमच्या लोकांचं!"

गोजराबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"जाडा झालास रे, जोतीराम," त्या म्हणाल्या आणि त्याच्या चहात साखर घातली नाही. माहेरच्या माणसाला बिनसाखरेचा चहा त्यांनी जन्मात पहिल्यांदाच दिला.

त्यानं एक घोट घेतला, थांबला आणि मग सगळा पिऊन टाकला.

"माझ्या साखरेची तुला किती गं काळजी, आत्या," असं म्हणून त्यानं डोळे पुसले.

माडीवरून नंदिनी मॅडमची हाक आली, "या, साहेब." तो जिना चढला. गोजराबाईंनी रिकामा कप उचलला आणि रणजीतच्या खिडकीकडचा पडदा ओढून घेतला.